विचारलं कुणाला?

‘सुनावणी’ या शब्दाची मराठीत एक गंमत आहे. कोर्टात सुनावणी असते तेव्हा न्यायाधीश ऐकून घेतात. पण घरी कुणी ‘चांगलं सुनावलं मी त्याला’ म्हणालं, की ऐकून घ्यायची पाळी समोरच्यावर येते. धरणाच्या किंवा कालव्याच्या आधी हल्ली जी ‘जनसुनावणी’ घेतात, ती या दोन्हींपैकी कोणत्या जातीची? लोक बोलतात आणि सरकार ऐकतं, की सरकार सुनावतं आणि लोक ऐकून घरी जातात? हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय, म्हणून आज जरा मागचं उकरायचं ठरवलं आहे. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

उदाहरण म्हणून नर्मदा घेतो. एक तर लहानपण धुळ्यात गेल्यामुळे ‘सरदार सरोवर’ हे शब्द शाळेत असल्यापासून कानावर होते. नंदुरबार तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला), आणि बुडीत क्षेत्रात येणारी महाराष्ट्रातली ३३ गावं अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली, म्हणजे कागदोपत्री ‘आमचीच’. कागदोपत्री म्हणतोय, कारण धुळ्यातल्या किती जणांनी सातपुडा ओलांडून नर्मदेचा काठ बघितला होता? आमच्या घरात एकानेही नाही. आणि दुसरं कारण असं, की विचारणा कशी होते, कशी होत नाही आणि झाली तर काय घडतं, हे तिन्ही प्रकार या एका योजनेत सापडतात.

आंदोलनाबद्दल इथे फार लिहिणार नाही. त्यावर पुष्कळ लिहून झालंय आणि त्या विषयावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. (गुजरातेत स्थायिक झालेल्या नातेवाईक मंडळींनी हे वाचून फोन करावा, पण रात्री दहाच्या आत.)

तर सुरुवात मुंबईपासून. आज ही योजना गुजरातची म्हणून ओळखली जात असली तरी तिची फाइल उघडली ती द्वैभाषिक मुंबई राज्यात, भडोच भागाला पाणी देणारी सिंचन योजना म्हणून. १९५९ च्या सुमारास धरणाची उंची दोन टप्प्यांत ठरत होती, पहिल्यात १६२ फूट आणि पुढे कधीतरी ३२० फूट. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली. धरणाच्या वसाहतीसाठी केवडिया, कोठी, वाघोडिया, लिमडी, नवागाम आणि गोरा अशा सहा गावांची जमीन घेतली गेली. ही गावं पाण्याखाली जाणार नव्हती, त्यांच्यावर वसाहत येणार होती. त्यामुळे पुढे ‘बुडितातले विस्थापित’ अशी व्याख्या झाली तेव्हा ती त्या व्याख्येतही बसली नाहीत! अशा व्याख्या कोण बनवतं देव जाणे.

पायाभरणी झाली खरी, पण पाया नेमका कशाचा हे ठरलंच नव्हतं. १९६४ साली खोसला समिती नेमली गेली आणि तिने ५०० फुटांची शिफारस केली. गुजरातची मागणी ५३० फुटांची. मध्य प्रदेशला एवढं उंच धरण नको होतं, कारण बुडणार होती मुख्यतः त्यांची जमीन. म्हणजे पायाभरणीचा दगड बसल्यावर तीन-चार वर्षांत धरण तिप्पट उंच व्हायला निघालं. आता समजा, १९६१ मध्ये कुणी खरोखर मणिबेलीत जाऊन विचारलं असतं की बाबांनो, हे धरण तुम्हाला चालेल का, तर कोणत्या धरणाबद्दल विचारलं असतं? १६२ फुटांचं धरण आणि पाचशे फुटांचं धरण यांत बुडणारी गावं एक नसतात. ‘लोकांना विचारा’ म्हणणं सोपं आहे. योजनाच पातळ असते तेव्हा काय विचारायचं आणि ती घट्ट झाल्यावर विचारून काय उपयोग, ही अडचण खरी आहे. ती निव्वळ सरकारी सबब नाही, असं माझं मत.

राज्यं भांडत राहिली आणि ६ ऑक्टोबर १९६९ रोजी नर्मदा पाणीतंटा लवाद नेमला गेला. अध्यक्ष न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी. हे काम दहा वर्षं चाललं. चार राज्यांचे वकील, अभियंते, नकाशे, पावसाचे आकडे. नर्मदेत भरवशाचं पाणी किती हा प्रश्न तर पुराव्यावर न सोडवता चार राज्यांनी १९७४ साली आपसात बसून मिटवला आणि २८ दशलक्ष एकर-फूट धरायचं ठरवलं. त्यातलं पाव दशलक्ष महाराष्ट्राला आणि अर्धं राजस्थानला. उरलेलं सव्वासत्तावीस मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्यात कसं वाटायचं ते लवादाने ठरवलं, मध्य प्रदेशला १८.२५ आणि गुजरातला ९. विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. धरणाची पूर्ण जलपातळी ४५५ फूट. निवाडा १२ डिसेंबर १९७९ रोजी राजपत्रात आला.

दहा वर्षांच्या या सुनावणीत सगळ्यांना बोलायला मिळालं. पण इथे ‘सगळे’ म्हणजे राज्यं. आंतरराज्य पाणीतंट्याच्या १९५६ च्या कायद्यात पक्षकार राज्य सरकारच असतं, गाव नसतं. ३३ गावांच्या वतीने महाराष्ट्र सरकार बोलणार, असं गृहीत. आता महाराष्ट्राचं हित कशात होतं? विजेच्या २७ टक्क्यांत. आणि ती ३३ गावं ही त्या विजेची किंमत होती. जो वीज घेणार तोच किंमत मोजणाऱ्याचा वकील. एखाद्या भाऊबंदकीच्या दाव्यात एकाच वकिलाने दोन्ही बाजूंचं वकीलपत्र घेतलं तर गावात त्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

लवादाने लोकांचा विचारच केला नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. पुनर्वसनाच्या अटी त्या काळाच्या मानाने पुष्कळ पुढच्या होत्या. पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, तीही निदान पाच एकर आणि पाण्याखालची. पैसे हातावर टेकवून वाटेला लावायचं नाही. सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. आणि पाणी चढायच्या आधी पुनर्वसन पूर्ण झालं पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या धरणांवरून उठवलेल्यांना यातलं निम्मंसुद्धा मिळालेलं नव्हतं. कोयनेची माणसं कुठेकुठे विखुरली ते आठवून बघा.

पण खोच पुढेच आहे. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळायला आधी जमीन ‘असावी’ लागते, आणि ‘असणं’ म्हणजे सातबाऱ्यावर असणं. अक्राणी-अक्कलकुव्याच्या काठावरचे भिल्ल आणि पावरा पिढ्यानपिढ्या जी शेतं कसत होते त्यांतली पुष्कळशी जंगलखात्याच्या नोंदीत जंगल म्हणून होती. म्हणजे कसणारा अतिक्रमणधारक, आणि अतिक्रमणधारक म्हणजे भूमिहीन. ज्याच्या आजोबांनी दगड वेचून शेत केलं तो कागदावर भूमिहीन!

माझे एक मामा महसूल खात्यात होते. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्याची कलमं त्यांना हनुमान चालिसासारखी पाठ. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं ते थोडक्यात असं. कलम चारची नोटीस निघते, राजपत्रात छापून येते, गावात डकवतात. मूळ कायद्यात हरकत ऐकून घ्यायची सोयच नव्हती. मोबदला कमी वाटला तर भांडा, पण ‘घेऊच नका’ म्हणायला जागा नाही. ती जागा १९२३ च्या दुरुस्तीने केली, कलम ५-अ. तीस दिवसांत लेखी हरकत द्यायची, कलेक्टर ऐकून घेणार, अहवाल सरकारला पाठवणार, आणि सरकारचा निर्णय अंतिम. त्यातही ‘तातडी’ असेल तर कलम सतराखाली ही सुनावणी सरकारला टाळता येई. आणि हरकत कोण घेणार? ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे तो. मामा म्हणायचे, “ज्याचं नाव उताऱ्यावर, त्याचा आवाज दप्तरात.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नसायची, काम कसं चालतं तेवढं ते सांगत.

याच्या जोडीला भाषा. नोटीस मराठीत, अहवाल इंग्रजीत आणि गावची बोली पावरी नाहीतर भिलोरी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंदोलनाने निमगव्हाण आणि चिमलखेडी इथे पहिल्या जीवनशाळा सुरू केल्या. तिथली मुलं लिहायला शिकली तोवर लवादाच्या निवाड्याला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती.

१९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. केंद्राच्या पर्यावरण खात्याची मंजुरी आली ती जून १९८७ मध्ये, तीही सशर्त. राहिलेले अभ्यास काम चालू असताना पूर्ण करायचे होते. म्हणजे आधी पैसे, मग परवानगी आणि त्यानंतर अभ्यास. बारशाच्या दिवशी पत्रिका जुळवण्यातला प्रकार.

नंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मेधा पाटकर, बाबा आमटे, डिसेंबर १९९० च्या अखेरीस निघालेली संघर्ष यात्रा, गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला तिची अडवणूक, तीन आठवड्यांचं उपोषण. या सगळ्याचा एक परिणाम मात्र आपल्याकडे फारसा बोलला जात नाही, आणि मला तोच सगळ्यात रंजक वाटतो. जून १९९१ मध्ये जागतिक बँकेने स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करायला समिती नेमली. तोवर बँकेने असं कधी केलं नव्हतं. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. आणि उपाध्यक्ष थॉमस बर्जर नावाचे कॅनडातले एक माजी न्यायाधीश.

या बर्जरसाहेबांसाठी थोडं विषयांतर करू द्या. १९७४ साली कॅनडा सरकारने त्यांना एका चौकशीसाठी नेमलं होतं. उत्तर ध्रुवाकडचा नैसर्गिक वायू दक्षिणेला आणण्यासाठी मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून पाइपलाइन टाकायची होती. चौकशीचा नेहमीचा रस्ता म्हणजे शहरात एक सभागृह घ्यायचं, दोन्हीकडचे तज्ज्ञ बोलवायचे आणि अहवाल लिहायचा. बर्जरनी तेही केलं, पण सुनावणी सुरू करायच्या आधी त्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या संघटनांना तयारीला वेळ दिला आणि सरकारकडून पैसाही मिळवून दिला. म्हणणं असं की कंपनीजवळ अभियंते आणि वकील आहेत, तसे यांच्याजवळही हवेत. मग ते स्वतः ३५ गावांत गेले. तिथे उलटतपासणी नाही, वकिली नाही. गावच्या सभागृहात बसायचं आणि ज्याला बोलायचंय त्याचं तो थांबेपर्यंत ऐकायचं, त्याच्या भाषेत, दुभाष्यामार्फत. जवळजवळ हजार माणसं अशी बोलली. कॅनडाच्या रेडिओने रोजचं कामकाज तिथल्या भाषांत ऐकवलं, त्यामुळे एका गावाला दुसरं गाव काय म्हणालं ते कळत राहिलं. अहवाल आला १९७७ मध्ये. त्यात म्हटलं होतं की मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्कांचा प्रश्न सुटेपर्यंत, म्हणजे निदान दहा वर्षं, या खोऱ्यात पाइपलाइन नको. सरकारने ऐकलं. पुढे कित्येक वर्षांनी तो प्रस्ताव पुन्हा वर आला, त्याला मंजुरीही मिळाली, आणि तरीही २०१७ मध्ये कंपन्यांनीच तो सोडून दिला. ज्या वायूवाचून अडणार होतं त्याच्यावाचून अडलं नाही.

ही सवय घेऊन हा माणूस नर्मदेच्या खोऱ्यात आला. मोर्स समितीने सप्टेंबर १९९१ पासून काम सुरू केलं. समितीची माणसं खोऱ्यात फिरली. गावांत गेली, नव्या वसाहतींत गेली, अधिकाऱ्यांना भेटली. दहा वर्षं चाललेल्या लवादाला जे ऐकायला मिळालं नव्हतं ते समितीला काही महिन्यांत ऐकायला मिळालं, कारण तिथे पक्षकार असण्याची अट नव्हती.

जून १९९२ मध्ये अहवाल आला. बुडितात २४५ गावं (गुजरातची १९, महाराष्ट्राची ३३ आणि मध्य प्रदेशची १९३) आणि तिथे निदान एक लाख माणसं, असं समितीने लिहिलं. कालव्यांखाली जमीन जाणारे शेतकरी वेगळेच, सुमारे एक लाख चाळीस हजार, आणि त्यांची गणना प्रकल्पग्रस्तांत नव्हतीच. निष्कर्ष असा की आहे त्या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणावरच्या परिणामांचा नीट विचार झालेला नाही, आणि या दोषात बँकसुद्धा वाटेकरी आहे. तेव्हा बँकेने मागे सरावं.

मला मात्र त्यातलं एक विधान या सगळ्याहून महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा की १९८५ मध्ये परिणामांची पुरेशी माहितीच नव्हती, आणि ज्यांच्यावर ते होणार त्यांना न विचारल्यामुळे ते अज्ञान आणखी वाढलं. विरोध उभा राहिला तोही त्यातूनच. म्हणजे विचारणं हा निव्वळ सौजन्याचा किंवा लोकशाहीच्या शोभेचा भाग नाही, तो सर्वेक्षणाचा भाग आहे. कुठल्या उतारावर कोण कसतं, पूर आला की वाट कुठून बंद होते, नदीकाठच्या मळीत कोण काय पेरतं, हे कोणत्या नकाशात असणार? ज्याला ठाऊक आहे त्याला विचारलं नाही तर आकडे चुकणारच. प्रकल्पग्रस्तांची संख्या पुढे वर्षानुवर्षं वाढत गेली, ती काही सगळी नव्याने जन्मलेली माणसं नव्हती.

आणि न विचारण्याची ही साखळी खाली खाली जाते. महाराष्ट्रातल्या विस्थापितांसाठी तळोद्याचं राखीव जंगल मोकळं केलं. तर तिथेही आधीपासून कसणारी माणसं होती. त्यांना कुणी विचारलं? म्हणजे नर्मदेच्या काठचा आदिवासी आणि तळोद्याच्या जंगलातला आदिवासी एकाच तुकड्यावर समोरासमोर, आणि ज्यांनी ही गाठ घालून दिली ते लांब कुठेतरी बैठकीत.

आता दुसरी बाजू. १९८६ मध्ये राजकोटला आगगाडीने पाणी न्यावं लागलं होतं. कच्छ आणि सौराष्ट्राची तहान खोटी नव्हती आणि ‘आम्हालाही जगायचंय’ हे म्हणणंही खोटं नव्हतं. माझी तक्रार अशी आहे की त्यांनाही कुणी नीट विचारलं नाही. त्यांचं नाव घेऊन योजना मंजूर झाली, पण ४५८ किलोमीटरचा मुख्य कालवा मध्य गुजरातेतून जाणार, कच्छ त्याच्या शेपटाला. शेपटाला असलेल्याला पाणी कसं मिळतं हे आपल्याकडच्या कोणत्याही पाटावरच्या शेतकऱ्याला विचारा. शिवाय मुख्य कालवा झाला तरी शेतापर्यंतच्या चाऱ्या कितीतरी मागे राहिल्या. चारी कुणाच्या बांधावरून न्यायची हे ज्या शेतकऱ्यांनी ठरवायचं, ते आराखड्यात ‘लाभधारक’ या एका शब्दात उरकले होते.

मोर्स अहवालाचं पुढे काय झालं? बँकेने ऑक्टोबर १९९२ मध्ये सहा महिन्यांची मुदत आणि अटी घालून पुढे जायचं ठरवलं. त्या अटी पुऱ्या होण्याची चिन्हं नव्हती, तेव्हा मार्च १९९३ अखेर भारत सरकारनेच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तक्रारी तपासण्यासाठी कायमचं एक मंडळ स्थापन केलं. जून १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी बँकेला एक जाहीरनामा पाठवला, त्याला नाव दिलं ‘मणिबेली’. वॉशिंग्टनमधल्या साहेबांना नकाशात अक्राणी-अक्कलकुवा शोधावं लागलं असेल. आमच्या धुळ्यातल्या पुष्कळांनाही शोधावंच लागलं असतं म्हणा.

कर्ज गेलं, काम मात्र चालूच राहिलं. १९९३ मध्ये केंद्राने जयंत पाटील यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांचा गट नेमला, त्यात वसंत गोवारीकरही होते. गुजरातने त्यात भाग घेतला नाही. १९९४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मधली काही वर्षं काम थांबलं, आणि १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागून धरण पुढे गेलं. वेगळं मत न्यायमूर्ती भरुचा यांचं होतं. पर्यावरण मंजुरी आवश्यक अभ्यासाविना दिली गेली, तेव्हा तज्ज्ञांकडून ती तपासून घ्या आणि तोवर काम थांबवा, असं त्यांनी लिहिलं. १७ जून २०१७ रोजी दरवाजे बंद करायला परवानगी मिळाली आणि १७ सप्टेंबरला लोकार्पण झालं. पायाभरणीपासून ५६ वर्षं.

या ५६ वर्षांत विचारण्याचा कायदाही आला, हे नोंदवायला हवं. १९९७ मध्ये पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी सक्तीची झाली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची पद्धत बारकाईने ठरवून दिली. ती मी वाचली आहे. जमल्यास तुम्हीही वाचा, झोप येईल असं वाटतं पण येत नाही. निदान तीस दिवसांची नोटीस. एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. सगळ्याचं चित्रीकरण. आणि मधेच एक वाक्य, की कामकाज सुरू करायला गणसंख्येची अट नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेलासुद्धा कोरम लागतो, नसला तर अर्धा तास तहकुबी. इथे मांडवात कुणी आलं नाही तरी सुनावणी झाली असं लिहिता येतं.

आणखी वाटा आहेतच. १९९६ च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रात (अक्राणी-अक्कलकुवा त्यातच येतात) जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत सक्तीची आहे, पण संमती नाही. सल्ला घ्यायचा, मानायचा की नाही ते घेणाऱ्याने ठरवायचं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला. त्यात कलम सहाचा एक कोपरा असा, की सिंचन प्रकल्पाला दुसऱ्या कायद्याखाली पर्यावरणीय अभ्यास करावा लागणार असेल तर या सामाजिक अभ्यासाची गरज नाही. आणि २०१४ च्या दुरुस्तीने दोन हजार हेक्टरांहून कमी लाभक्षेत्राच्या सिंचन योजना पर्यावरण मंजुरीच्या चाळणीतूनच बाहेर गेल्या. एवढे नियम, आणि फटी नेमक्या पाण्याच्या बाजूला. योगायोग असेल.

बर्जरच्या सुनावणीत आणि आपल्या मांडवातल्या सुनावणीत मला फरक दिसतो तो एवढाच. बर्जर ‘नको’ असं लिहू शकत होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे कलेक्टरसाहेब जे लिहितात ते इतिवृत्त, शिफारस नव्हे. बोलणाऱ्यालाही ते कळतं. म्हणून मग काही जण ओरडतात, काही जण नोकरी मागतात आणि बाकीचे जेवणाची वाट बघतात.

हे सगळं आत्ताच का उकरलं? तर लवादाच्या निवाड्यात एक कलम आहे. पाणीवाटपाचा फेरविचार करायचा झाला तर तो राजपत्रात आल्यापासून ४५ वर्षांनी. ती मुदत १२ डिसेंबर २०२४ ला पुरी झाली. महाराष्ट्राच्या वाट्याचं ते पाव दशलक्ष एकर-फूट पाणी, टीएमसीत सांगायचं तर १०.८९, नंदुरबारच्या शेतांपर्यंत कसं आणायचं याची चर्चा आपण कितीतरी वर्षं ऐकतो आहोत. ते सातपुड्यातून बोगद्याने आणा नाहीतर आणखी कसं, नवी योजना झाली की पुन्हा नोटिसा निघतील. कुठल्यातरी तालुक्याच्या ठिकाणी मांडव पडेल आणि समोर पाण्याच्या बाटल्या मांडलेलं टेबल असेल.

२००६ च्या त्याच अधिसूचनेत आणखी एक नियम आहे, तो मामांना आवडला असता. सुनावणी संपताना सगळ्यांनी मांडलेल्या मुद्द्यांचा सारांश तिथल्या तिथे, स्थानिक भाषेत समजावून, जमलेल्या लोकांना वाचून दाखवायचा. मग त्यावर त्याच दिवशी सही. पावरी बोलणाऱ्या गावात तो पावरीतच समजावला पाहिजे असा आग्रह धरता येतो, आणि आपण बोललेलं एखादं वाक्य त्यात नसेल तर तिथेच उठून सांगताही येतं. तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या भागात अशी सुनावणी असेल तर जा, आणि जेवण झाल्यावर लगेच गाडी काढू नका. ते वाचन शेवटी असतं.